दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर? कॅमेऱ्याचं एक्स्पोजर समजून घेताना

पावसाळ्यात नाशिककराला पुराबद्दल दोनच गोष्टी हव्या असतात. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलंय आणि रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय. घोट्याला आलं तर माणसं पोराबाळांना घेऊन पूर बघायला जातात. कमरेला आलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर हलवायला लागतात. गळ्याशी आलं की मुंबईच्या मावशीचा फोन येतो, तुम्ही सगळे ठीक आहात ना.

कॅमेऱ्याचं एक्स्पोजर मला या मारुतीमुळे कळलं. त्याआधी ॲपर्चर, शटर आणि आयएसओ यांच्या त्रिकोणाच्या आकृत्या पाहून पाहून डोकं दुखलं होतं. म्हणून कोणी नवा कॅमेरा गळ्यात घालून गोदाघाटावर आलं की मी त्याला आधी मारुतीसमोर उभं करतो.

धरणाचे दरवाजे किती उघडले, ते ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं लहान-मोठं होणारं भोक. किती वेळ उघडे ठेवले, तो शटर स्पीड, म्हणजे उजेड किती वेळ आत येतो ते. खाली मारुतीच्या अंगावर पाणी जिथवर चढलं, ते एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ येतो ते. दरवाजे थोडे उघडून बराच वेळ ठेवा किंवा भसकन उघडून लगेच बंद करा, दोन्ही वेळा पाणी कमरेपर्यंत आणता येतं. (पाटबंधाऱ्यातला माणूस म्हणेल, नदीचा हिशेब इतका सरळ नसतो. बरोबर आहे, पण फोटोपुरता चालतो.)

तिसरा आयएसओ. त्यामुळे धरणातून एक थेंबही जास्त येत नाही. आयएसओ वाढवणं म्हणजे मारुतीरायाला खाली बसवणं. पाणी तेवढंच असतं, पण मघाशी गुडघ्याला होतं ते आता छातीला आलेलं दिसतं. आणि पाणी कमी असताना जो गाळ एरवी डोळ्यांत भरत नाही, तो आता ठळक दिसायला लागतो. फोटोतल्या त्या गाळाला नॉइज म्हणतात, म्हणजे सावल्यांमधले रंगीबेरंगी दाणे. आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, असं बऱ्याच ठिकाणी सांगितलेलं असतं. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर तोच राहतो आणि त्यातून निघालेला सिग्नल मोठा केला जातो. दाण्यांचं मूळ कारण उजेड कमी पडणं हे आहे.

स्टॉप हे एकच माप

तिन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता येतात. उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप वाढला, निम्मा झाला की एक स्टॉप घटला. शटर १/१२५ वरून १/२५० वर नेला की उजेड निम्मा. आयएसओ १०० वरून २०० केला की फोटो दुप्पट उजळ. इथवर कोणी अडखळत नाही.

अडखळतात ते ॲपर्चरवर. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ ही कसली गणती? शिवाय आकडा मोठा होतो तसं भोक लहान होतं. यात गूढ काही नाही, तो भागाकार आहे. लेन्सच्या फोकल लेंग्थला (लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा) भोकाच्या व्यासाने भागलं की हा आकडा येतो. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/२ म्हणजे २५ मिलिमीटरचं भोक आणि एफ/४ म्हणजे साडेबारा मिलिमीटरचं. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणून एफ/२ आणि एफ/४ यांच्यात दोन स्टॉपचं अंतर. मधला एकेक स्टॉप मिळवायला आकडा दरवेळी साधारण १.४ पटीने वाढतो. पाढा पाठ करायची गरज नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत चाक तीनदा टकटक फिरवलं की एक स्टॉप होतो, एवढं बोटांना ठाऊक असलं की पुरे.

एक जुना ठोकताळा मात्र लक्षात ठेवाच, कारण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर चुकतोय का हे त्यावरून कळतं. लख्ख उन्हात एफ/१६ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याइतका, म्हणजे आयएसओ १०० ला साधारण १/१२५. दुपारी बारा वाजता घाटावर उभं राहून हे करून बघा, फोटो बरोबर येईल. मग तोच उजेड वेगळ्या तऱ्हेने मिळवा: एफ/११ ला १/२५०, एफ/८ ला १/५००, एफ/५.६ ला १/१०००. चारही फोटोंचा उजेड सारखाच दिसेल. फोटो मात्र चार वेगळे असतील, आणि ते का हे पुढे बघू.

घरून निघण्याआधी

बॅटरी, रिकामं कार्ड, पुसलेली लेन्स हे सांगत बसत नाही. मेन्यूमध्ये शिरून तीन गोष्टी करा. फाइल रॉ (सेन्सरची कच्ची माहिती, जी नंतर बरीच सुधारता येते) किंवा रॉ अधिक जेपेग करा. जास्त उजळून जळालेला भाग लुकलुकून दाखवणारा हायलाइट अलर्ट चालू करा. ऑटो आयएसओची वरची मर्यादा सुरुवातीला ३२०० ठेवा.

मोडच्या चकतीवर सगळे घाबरतात. निकॉन आणि सोनीवर ए आणि एस लिहिलेलं असतं, कॅननवर एव्ही आणि टीव्ही. टीव्ही म्हणजे टाइम व्हॅल्यू, दूरदर्शनशी संबंध नाही. ए किंवा एव्हीमध्ये ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा ठरवतो. एस किंवा टीव्हीमध्ये उलट. एम म्हणजे मॅन्युअल. ‘खरा फोटोग्राफर मॅन्युअलवरच काढतो’ असं सांगणारा एक तरी मित्र तुम्हाला भेटेल. त्याला चहा पाजा आणि तुम्ही ए मोडवरच राहा. मी निम्म्याहून जास्त फोटो अजूनही त्याच मोडवर काढतो.

फोटो काढण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा. या फोटोत जास्त महत्त्वाचं काय, मागचं धूसर हवंय की नको, की हालचाल कशी दिसते ते? पहिलं असेल तर ॲपर्चर हातात घ्या, दुसरं असेल तर शटर. उरलेलं कॅमेऱ्यावर सोडा. तिन्ही चाकं एकदम सांभाळायला जाणारा माणूस मेन्यूत अडकतो आणि समोरची आजी तोवर दिवा सोडून घरी जाते.

ॲपर्चर शिकायला मिसळ

रविवारी सकाळी मिसळ खायला जाणारच आहात, तर कॅमेरा न्या. टेबलावर मिसळीची ताटली पुढे, ताकाचा ग्लास हातभर मागे आणि त्याच्या मागे मित्र. ए मोड, कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ मिलिमीटरवर, फोकस फरसाणावर. पहिला फोटो एफ/५.६ ला, दुसरा एफ/११ ला, तिसरा एफ/२२ ला. पहिल्यात तर्री स्पष्ट आणि मित्र धूसर. तिसऱ्यात मित्राच्या मिशीला लागलेलं ताकसुद्धा ओळखू येईल. धारदार दिसणाऱ्या या खोलीला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात.

तिसरा फोटो मोठा करून बघितलात तर तो एकूणात थोडा मऊ वाटेल. भोक फार बारीक झालं की प्रकाश कडांवर पसरतो, म्हणून किट लेन्सवर एफ/११ च्या पुढे कारणाशिवाय जाऊ नका. आणि शेडखाली एफ/२२ ला शटर इतका मंद होईल की हात हलल्याचंही दिसेल. हातात धरून काढताना शटर निदान फोकल लेंग्थइतका हवा, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला त्याच्या दीडपट. म्हणजे ५५ मिलिमीटरला १/८० च्या खाली जायचं नाही. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असेल तर तुमचा हात सावरला जातो, मित्राचा हलणारा घास सावरला जात नाही.

याच वेळी किट लेन्सची एक खोडही कळते. १८ मिलिमीटरला ती एफ/३.५ पर्यंत उघडते, ५५ ला झूम केली की एफ/५.६ वर अडते. झूम केल्यावर फोटो हलतात, अशी तक्रार बरेच जण करतात. त्याचं एक कारण हे: सव्वा स्टॉपहून जास्त उजेड झूम करतानाच गेलेला असतो.

शटर: पाणी गोठवायचं की वाहू द्यायचं

रंगपंचमीला तिवंध्याला किंवा शनि चौकात रहाडीच्या (रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदाच्या) काठावर जागा मिळाली, तर शटर मोडवर १/१००० लावा. उडी मारणारा हवेत थांबेल आणि रंगाचे थेंब मण्यांसारखे सुटे दिसतील. गल्ली अरुंद, ऊन वरच अडकलेलं, म्हणून एफ/४ ला आयएसओ ८०० च्या आसपास जाईल. जाऊ द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. कॅमेऱ्याला मात्र प्लास्टिकची पिशवी नीट बांधा, रहाडीचा रंग कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही.

उलट प्रयोग सोमेश्वरच्या धबधब्यावर. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/१६ आणि ढगाळ संध्याकाळ असेल तर शटर पाव सेकंदाच्या आसपास येतो. पाण्याच्या दुधासारख्या धारा होतात. बटण दाबतानाही कॅमेरा हलतो म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा, आणि लेन्सचं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद करा. भर दुपारी हे जमणार नाही. मघाचा ठोकताळा आठवा, उन्हात एफ/१६ ला शटर १/१२५ होता. दुपारी करायचंच असेल तर लेन्सवर काळी काच म्हणजे एनडी फिल्टर हवा. धरणातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी असेल त्या दिवशी खडकांवर उतरू नका. क्युसेकचा आकडा तिथे उपमा राहत नाही.

मीटर कसा फसतो: काळाराम आणि मुक्तिधाम

पुस्तकं वाचून हे मला कळलं नव्हतं. नाशिकमध्ये मात्र ते एका दिवसात कळतं, कारण शहरात एक काळं देऊळ आहे आणि एक पांढरं.

काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी काळ्या दगडात बांधलं. बाहेरच्या बाजूने, देवळाची भिंत चौकटभर येईल असा ए मोडवर एक फोटो काढा. (कुठे काढू देतात ते आधी विचारा, गाभाऱ्याकडे कॅमेरा नकोच.) स्क्रीनवर बघा. काळा दगड राखाडी, उन्हात धुतल्यासारखा फिकट, आणि कोपऱ्यातलं आभाळ पांढरंफटक.

आता नाशिकरोडला जा. मुक्तिधाम पांढऱ्या संगमरवराचं. तसाच चौकटभर फोटो काढा. संगमरवर मळकट, पावसाळी दिवसासारखा राखाडी.

काळा दगडही राखाडी आणि पांढराही राखाडी. कॅमेरा बिघडलेला नाही. त्याच्या मीटरला दगड कळत नाही आणि देऊळही कळत नाही. चौकटीत जे येईल ते सरासरी मध्यम राखाडी असणार, असं तो गृहीत धरतो. काळं दिसलं की त्याला वाटतं उजेड कमी पडला, म्हणून वाढवतो. पांढरं दिसलं की वाटतं जास्त झाला, म्हणून घटवतो. मारुतीला दरवेळी कमरेइतकंच पाणी आणायचं, एवढाच हुकूम त्याला माहीत.

दुरुस्ती तुम्ही करायची. कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचं बटण असतं, ते एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. काळारामला उणे एक, मुक्तिधामला अधिक एक. तेच फोटो परत काढा आणि चारही शेजारी शेजारी लावून बघा. मग ०.७ किंवा १.३ करून बघा. दिवसाच्या प्रकाशानुसार आकडा थोडा इकडेतिकडे होतो, दिशा बदलत नाही.

यातून लोक घाईने नियम काढतात की पांढरी वस्तू दिसली की अधिक करायचं. तो नियम नांदूरमध्यमेश्वरला तोंडावर आपटतो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी, निफाड तालुक्यातलं हे अभयारण्य २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तिथे गडद पाणवनस्पतींपुढे एक पांढरा बगळा उभा असतो. चौकटीत बगळा रुपयाएवढा, बाकी सगळं गडद. मीटर गडद भाग बघून उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं जळून कोरा कागद होतात. इथे उणे एक हवं. बगळा जवळ आला आणि चौकट त्यानेच भरली, तर अधिक. विषय कोणत्या रंगाचा, हे विचारू नका. चौकट कशाने भरली आहे, ते बघा.

तिथलाच वारकरी पक्षी तर परीक्षाच घेतो. अंग काळं कुळकुळीत आणि कपाळावर पांढरा टिळा, पाठीमागे चमचमतं पाणी. मी टिळा वाचवतो आणि काळी पिसं नंतर रॉमधून वर काढतो. पक्षी उडायला लागला तर १/२००० आणि ऑटो आयएसओ. तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

मीटरिंगचे तीन प्रकार असतात: पूर्ण चौकट, मधला भाग, एक ठिपका. पहिले काही महिने पूर्ण चौकटीवरच राहा. ठिपक्यावर ठेवून विसरलात तर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येईल आणि कारण सापडणार नाही.

स्क्रीनवर विश्वास ठेवू नका

उन्हात स्क्रीन अंधारी दिसते, रात्री झगझगीत. म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा डोंगरासारखा आलेख बघायचा. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, मधे मधलं. डोंगर अमुकच आकाराचा हवा असं काही नाही. काळारामचा डोंगर डावीकडे झुकलेला असणार, मुक्तिधामचा उजवीकडे, आणि तेच बरोबर. फक्त उजवी भिंत बघा. डोंगर त्या भिंतीला चिकटून उभा चढला असेल तर पाणी मारुतीच्या डोक्यावरून गेलं, आता खाली काय आहे ते कोणालाच दिसणार नाही. सावलीतलं बरंचसं रॉमधून परत मिळतं, जळालेलं पांढरं मिळत नाही.

कधी कधी काहीच जुळत नाही. पांडवलेण्यांत आत उभं राहून बाहेर बघा. खांब काळोखात, बाहेर शहरावर ऊन. दोन्ही एका फोटोत नीट यावं, हा हट्ट सोडा. बाहेरच्या उजेडाला धरून काढलात तर खांबांच्या काळ्या आकृत्या मिळतील, आतल्या दगडाला धरून काढलात तर कोरीवकाम दिसेल आणि बाहेर पांढरं. मला पहिला आवडतो.

मॅन्युअल केव्हा? आरतीच्या वेळी

संध्याकाळी रामकुंडावरची गोदाआरती हा मॅन्युअलचा पहिला धडा. आरतीच्या ज्योती चौकटीत शिरतात आणि बाहेर जातात, त्यामुळे कॅमेरा दर फोटोला मत बदलतो. चेहऱ्यांवरचा उजेड मात्र फारसा बदलत नाही. असं असलं की एम मोड.

आधी शटर ठरवा: माणसं हात हलवताहेत, १/१२५. मग ॲपर्चर जितकं उघडता येईल तितकं. ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स असेल तर एफ/२ ला आयएसओ १६०० पासून सुरुवात करा. किट लेन्सवर १८ मिलिमीटरला एफ/३.५, आणि आयएसओ ३२०० किंवा त्याच्या पुढे. एक फोटो काढा, मोठा करून चेहरा बघा. ज्योतीचा गाभा जळलेला दिसेल, तो जळू द्या, ज्योतच ती. कपाळ जळलं असेल तर आयएसओ एक स्टॉप खाली. हे दोनतीन फोटोंत जमतं, मग आरती संपेपर्यंत चाकांना हात लावायचा नाही.

परतताना सराफ बाजारात दुकानांच्या एलईडी पाट्यांचे फोटो काढलेत आणि त्यांवर आडवे पट्टे आले, तर कॅमेरा सर्व्हिसिंगला टाकू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ला आणा, बहुतेक वेळा पट्टे जातात.

कॅमेरा नसेल तर मोबाइलवरही यातलं बरंच शिकता येतं. बहुतेक फोनमध्ये ॲपर्चर बदलत नाही, पण प्रो मोडमध्ये शटर आणि आयएसओ हातात असतात. साध्या मोडमध्ये स्क्रीनवर बोट टेकवल्यावर दिसणारा छोटा सूर्य वर-खाली सरकवला की तेच अधिक-उणे. काळाराम-मुक्तिधामचा प्रयोग फोनवर करून बघा. फोन बरीच लपवाछपवी करतो, तरी फसतोच.

शेवटचं काम घरी आल्यावर, बूट काढायच्या आधी: कॉम्पेन्सेशन शून्यावर, आयएसओ ऑटोवर, मोड ‘ए’ वर. मी एकदा काळारामला लावलेलं उणे १.३ तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी चुलतभावाच्या साखरपुड्याला गेलो. दोनशे फोटो, तेही जेपेगमध्ये. काकूंनी अल्बम बघितला आणि विचारलं, “अरे, हॉलचे दिवे गेले होते का?”